वेग दुप्पट, अंतर चौपट

घाटात मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन गोष्टी हमखास वाचायला मिळतात: ट्रकचे ब्रेक निकामी झाले होते आणि ट्रक मालाने भरलेला होता. म्हणजे दोष एक तर बलाचा, नाही तर वस्तुमानाचा. तिसरी गोष्ट, म्हणजे वेग, 'भरधाव' या एका विशेषणात उरकली जाते. उताराला लागताना गाडी 40 ने होती की 60 ने, हे सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक गाडी थांबणार की नाही आणि थांबली तर कुठे, याचा हिशेब मांडायला बसलं की या तिघांची वजनदारी सारखी नाही हे लगेच दिसतं. वस्तुमान या हिशेबात येतं खरं, पण बऱ्याचदा दोन्ही बाजूंना आल्यामुळे कटून जातं. बलाला रस्त्याने आणि टायरने घालून दिलेली मर्यादा असते, ती चालकाला वाढवता येत नाही. वेग मात्र वर्ग होऊन येतो, आणि तिघांपैकी तोच एक पूर्णपणे चालकाच्या हातात असतो.

सुरुवात एका जुन्या गैरसमजापासून करावी लागेल. गाडी चालू ठेवायला इंजिन चालू ठेवावं लागतं, सायकल चालू ठेवायला पायडल मारावं लागतं. त्यामुळे गती टिकवायला बल लागतं असं वाटणं स्वाभाविक आहे. अॅरिस्टॉटलपासून जवळजवळ दोन हजार वर्षं शहाणी माणसंही तसंच मानत होती. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून केलेली मोजमापं 1638 च्या ग्रंथात मांडली, आणि न्यूटनने 1687 मध्ये त्याला नियमाचं रूप दिलं: बल लागतं ते गती टिकवायला नव्हे, गती बदलायला. सपाट रस्त्यावर इंजिन जे काम करत असतं ते हवेचा आणि चाकांचा रोध फेडण्याचं. तो रोध नसता तर गाडी इंजिन बंद करूनही चालतच राहिली असती. गाडी थांबवणं म्हणजे गती बदलणं, म्हणून तिथे बाहेरून बल लागणारच. आता हे बल देतो कोण? ब्रेक, असं उत्तर पटकन येतं, पण ते अर्धंच बरोबर आहे. ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवतो तो रस्ता, टायरला मागे ओढून. ब्रेक कितीही करकचून दाबला तरी टायर आणि डांबर यांच्यातल्या घर्षणापलीकडे तिळभरही जास्त बल मिळत नाही. चिखलावर किंवा सांडलेल्या डिझेलवर उत्तम ब्रेकची गाडीही घसरत जाते, ती याच कारणाने.

हे घर्षण गाडीच्या वजनाच्या प्रमाणात असतं. गाडी दुप्पट जड असेल तर टायर रस्त्यावर दुप्पट दाबला जातो आणि घर्षणही दुप्पट मिळतं. पण दुप्पट जड गाडीला रोखायलाही दुप्पट बल लागतं. एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने गेलं. वस्तुमान छेद जाऊन निघून जातं आणि वेग कमी होण्याचा दर सगळ्यांना जवळपास सारखा उरतो. कोरडी डांबरी सडक आणि बरे टायर असतील तर तो साधारण सेकंदाला सेकंदागणिक 7 मीटर इतका धरता येईल. या दराने ताशी 60 किलोमीटरवरची गाडी सुमारे 20 मीटरमध्ये थांबते. तिच्यात एकटा चालक असो की पाच जण आणि डिकीभर सामान, आकडा फारसा हलत नाही. हीच गाडी ताशी 120 ने जात असेल तर मात्र तिला 79 मीटर लागतात. वेग दुप्पट झाला, अंतर चौपट.

हे चौपट येतं कुठून? यात गूढ काही नाही. 60 वरची गाडी थांबायला सुमारे 2.4 सेकंद घेते, 120 वरची 4.8 सेकंद, म्हणजे वेळ दुप्पट. पण त्या प्रत्येक सेकंदात दुसरी गाडी सरासरी दुप्पट रस्ताही खाते. दुप्पट वेळ आणि दुप्पट वेग यांचा गुणाकार चौपट. इतकं सोपं असूनही या मुद्द्यावर युरोपातल्या थोर गणितज्ञांनी पन्नास-साठ वर्षं वाद घातला, आणि तो वाद आपल्या प्रश्नाच्या अगदी गाभ्याचा आहे. देकार्तच्या अनुयायांचं म्हणणं होतं की चालत्या वस्तूच्या अंगातला जोर म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. 1686 मध्ये लाइबनिझने त्यांची चूक दाखवायला लेख लिहिला: जोर मोजायचा तर वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग घ्या. त्याचा आधार असा होता की दुप्पट वेगाने वर फेकलेली वस्तू दुप्पट नव्हे, चौपट उंच जाते. हॉलंडमधल्या लेडन विद्यापीठातल्या ग्राव्हेसांडने 1722 च्या सुमारास पितळेचे गोळे मऊ मातीच्या थरावर टाकून पाहिले. दुप्पट वेगाने आदळलेला गोळा मातीत चौपट खोल रुतत होता. फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले या विदुषीने 1740 च्या आपल्या पदार्थविज्ञानाच्या ग्रंथात लाइबनिझची बाजू उचलून धरली. न्यूटनचा मुख्य ग्रंथ फ्रेंचमध्ये आणणारी हीच बाई, त्यामुळे तिला न्यूटन कळला नव्हता असं म्हणायची सोय विरोधकांना नव्हती.

शेवटी दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते. दालांबेरने 1743 मध्ये या झगड्याला शब्दांचा खेळ म्हटलं, ते थोडं उर्मटपणाचं असलं तरी त्यात तथ्य होतं. बल किती *वेळ* लावावं लागलं हे विचारलं तर उत्तर वेगाच्या प्रमाणात येतं. त्याला आज आपण संवेग म्हणतो. बल किती *अंतरापर्यंत* लावावं लागलं हे विचारलं तर उत्तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात येतं. ती गतिज ऊर्जा. तिच्या सूत्रातला 'अर्धा' 1829 मध्ये कोरिओलिसने पक्का केला. शाळेत ही दोन्ही सूत्रं शेजारीशेजारी शिकवली जातात आणि कोणतं कुठे वापरायचं हे परीक्षेतल्या प्रश्नाच्या शब्दांवरून ओळखायची सवय लागते. रस्त्यावर मात्र निवड करायची गरजच नसते. समोर बंद पडलेला टेम्पो किंवा रस्ता ओलांडणारा माणूस हा आपल्यापासून काही *मीटरवर* असतो, काही सेकंदांवर नाही. चालकाला मिळणारी शिल्लक अंतराची असते, म्हणून त्याच्यापुरता लाइबनिझ खरा.

यावर एक हरकत रास्त आहे. माणूस संकट दिसल्या क्षणी ब्रेक दाबत नाही. पाहणं, समजणं आणि पाय हलणं यांत सेकंदभर जातं, आणि त्या सेकंदातलं अंतर वेगाच्या साध्या प्रमाणात वाढतं, वर्गाच्या नाही. मग एकूण हिशेबात वर्गाचा प्रभाव पातळ होत नाही का? आकडा मांडून पाहू. एक गाडी ताशी 60 ने चालली आहे आणि दुसरी तिच्या बरोबरीने 80 ने. दोन्ही चालकांना एकाच क्षणी समोर अडथळा दिसतो, दोघेही एका सेकंदाने ब्रेक दाबतात, टायर आणि रस्ता सारखाच. 60 वाली त्या सेकंदात सुमारे 17 मीटर जाते, पुढच्या 20 मीटरमध्ये थांबते. एकूण साधारण 36 ते 37 मीटर. समजा अडथळा नेमका तिच्या बंपरपुढे बोटभर अंतरावर राहिला. 80 वाली पहिल्या सेकंदातच 22 मीटर खाऊन बसते. तिला ब्रेकसाठी उरतात 14 मीटर, आणि ते संपतात तेव्हा तिचा वेग असतो ताशी सुमारे 62 किलोमीटर. म्हणजे जिथे पहिली गाडी उभी आहे, तिथून दुसरी गाडी पहिलीच्या *मूळ* वेगापेक्षाही अधिक वेगाने आरपार जाते. फरक वीस किलोमीटरचा होता, म्हणून धडक वीसच्या वेगाने होईल, ही आपली अटकळ इथे साफ कोसळते. कारण ब्रेक पळवून लावतो तो वेग नव्हे, वेगाचा वर्ग. आणि प्रत्येक मीटरमागे तो सारखाच तुकडा तोडतो. वेग जास्त असताना त्या तुकड्याने काटा जेमतेम हलतो, अखेरच्या काही मीटरमध्येच तो झपाट्याने खाली येतो. 80 वाल्याच्या वाट्याला ते अखेरचे मीटर आलेच नाहीत. सेकंदभराच्या उशिराने वर्गाचा प्रभाव पातळ झाला नाही, उलट ब्रेकला काम करायला मिळणारी जागाच कमी झाली.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. वस्तुमान छेद जातं म्हणता, मग भरलेला ट्रक रिकाम्यापेक्षा आणि कारपेक्षा उशिरा का थांबतो? तो बऱ्याचदा उशिरा थांबतो, हे खरं. ट्रकच्या टायरचं रबर जास्त कडक असतं, त्याची पकड कारच्या टायरपेक्षा कमी. हवेच्या ब्रेकमध्ये दाब सगळ्या चाकांपर्यंत पोहोचायला क्षणभर जातो. पण खरं कारण तापमानात आहे. थांबणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते आणि ती बहुतेक सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये आणि लायनरमध्ये साठते. माल वाढला म्हणून ड्रमचं लोखंड वाढत नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की लायनरची पकड सुटत जाते. पॅडल दाबलेलं असतं, पण चाक ऐकत नाही. बातमीतले 'निकामी ब्रेक' पुष्कळदा असे असतात: मोडलेले नव्हे, भाजलेले. म्हणजे वस्तुमान मागच्या दाराने हिशेबात परत येतं हे मान्य करायला हवं. पण इथेही त्याची आणि वेगाची बरोबरी होत नाही. एकूण 16 टनांसाठी बांधलेल्या ट्रकवर 24 टन लादले, तर एकदा थांबताना निघणारी उष्णता दीडपट होते. माल न वाढवता वेग 40 वरून 50 केला, तर तीच उष्णता दीडपटीहून थोडी अधिक होते. क्षमतेपेक्षा आठ टन जास्त भरणं गुन्हा आहे हे प्रत्येक वाहतूकदाराला माहीत असतं. काटा दहाने पुढे सरकणं त्याच तोलाचं आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं.

उतारावर ही गोष्ट आणखी तीव्र होते, कारण तिथे गाडी सतत ऊर्जा कमावत असते. बोर घाटातली रेल्वे हे याचं उत्तम उदाहरण आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1856 मध्ये बांधायला घेतलेला हा मार्ग 1863 मध्ये खुला झाला. कर्जतकडून खंडाळ्याकडे जाताना सुमारे 25 किलोमीटरमध्ये तो साडेपाचशे मीटरच्या वर चढतो आणि सर्वांत अवघड जागी चढ 37 ला 1 असा आहे. चढताना मागून रेटायला बँकर इंजिनं लागतात, ती सगळ्यांना ठाऊक असतात. या घाटात 1920 च्या दशकाअखेर आलेल्या लांबुळक्या विजेच्या इंजिनांना तर कर्मचाऱ्यांनी 'खेकडा' असं नावच ठेवलं होतं. पण घाटाची खरी परीक्षा उतरताना असते. हजार टनांची गाडी खंडाळ्याहून कर्जतला उतरली की तिने सुमारे दीड हजार युनिट विजेइतकी ऊर्जा कुठे तरी टाकून दिलेली असते. चाकांचा आणि हवेचा रोध त्यातला लहानसा वाटा उचलतो, बाकीची ब्रेकवर. साडेपाचशे मीटर उंची वेगात बदलली तर येणारा आकडा ताशी 370 किलोमीटरच्या वर जातो. म्हणजे संथपणे, 30 च्या वेगाने घाट उतरणारी गाडीही, हिशेबाने पाहता, 370 वरून शून्यावर येण्याइतका ताप सोसत असते. फक्त तो ताप सबंध घाटभर पसरलेला असतो, आणि संथ चालण्याचं सगळं कारण हेच. एकूण उष्णता घाटाच्या उंचीने ठरते, ती वेगाने बदलत नाही; पण वेग दुप्पट केला की तीच उष्णता निम्म्या वेळात चाकांवर येऊन पडते आणि लोखंडाला निवायला सवड मिळत नाही. विजेच्या इंजिनांना इथे एक सोय आहे. उतारावर मोटरचंच जनित्र करून ती ब्रेकचा बराच भार आपल्याकडे घेतात, नव्या इंजिनांत ही वीज तारेत परत सोडताही येते.

तरीही गाडी हाताबाहेर गेलीच तर? त्यासाठी घाटात कॅच सायडिंग ठेवलेली असतात: मुख्य मार्गापासून फुटून वर चढत जाणारा आंधळा रूळ. उतरणारी गाडी ठरलेल्या जागी थांबून दाखवत नाही तोवर काटा याच रुळाकडे लावलेला असतो. मंकी हिल, ठाकुरवाडी या ठिकाणी पुण्याकडून येणाऱ्या गाड्या कोणी उतरत-चढत नसताना उभ्या राहतात त्या यासाठी. मुंबईला घाई असलेल्या प्रवाशांना तो थांबा वायफळ वाटतो, पण घाटातलं सर्वांत शहाणपणाचं काम तेच असेल. आता हा रूळ किती वर चढवावा लागेल? लाइबनिझचंच गणित. 30 ने आलेल्या गाडीला थांबायला साडेतीन मीटर उंची पुरते, 60 ने आलेलीला 14 मीटर, 120 ने आलेलीला 57 मीटर, म्हणजे जवळपास वीस मजली इमारतीइतकी. गाडीला चार डबे आहेत की चोवीस, याचा या उंचीशी काहीही संबंध नाही. गाडीचं वस्तुमान कितीही वाढलं तरी तोच रूळ पुरेल. वेग वाढला तर डोंगरच अपुरा पडेल.

रस्त्यावर अशी सक्तीची परीक्षा नसते, आणि तिथे एक जुनी समजूत फार घात करते. उताराला लागलं की गाडी न्यूट्रलला टाकायची, डिझेल वाचतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर ट्रकचे जे अपघात वारंवार झाले, त्यांच्या चर्चेत ही सवय पुन्हा पुन्हा पुढे आली. गाडी खालच्या गिअरमध्ये असते तेव्हा चाकं इंजिनाला फिरवत असतात आणि त्या फिरवण्यात उताराची बरीच ऊर्जा खर्ची पडते. न्यूट्रलला टाकलं की ही सगळी जबाबदारी एकट्या ड्रमवर येते. बचतीचा युक्तिवादही आता टिकत नाही. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअर लावून उतरताना इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो, उलट न्यूट्रलला इंजिन सुरू ठेवायला थोडं तरी डिझेल जळतंच. जुन्या इंजिनांच्या काळातलं शहाणपण नव्या इंजिनांवर तसंच चालवलं जातं आहे.

या सगळ्यावर तिसरी हरकत अशी येईल की मग धडकेत मोठी गाडीच का जिंकते? तिथे वस्तुमान छेद जात नाही, हे खरंच आहे. 20 टनांचा ट्रक आणि 1 टनाची कार, दोघेही 60 ने समोरासमोर आले आणि एकमेकांत अडकले, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दोघांवर बल सारखंच पडतं. पण ट्रकचा वेग 60 वरून 54 वर येतो आणि कारचा 60 वरून उलट दिशेला 54 होतो. ट्रकचालकाला जेमतेम 6 चा झटका, कारमधल्यांना 114 चा. हा अन्याय वस्तुमानाचा आहे आणि त्याच्यावर कोणतंही सूत्र पांघरूण घालू शकत नाही. मात्र या दोघांनीही 30 चा वेग ठेवला असता तर कारमधल्यांचा झटका 57 वर आला असता आणि पत्रा चेमटण्यात खर्च होणारी ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर. टक्कर ज्या दोघांत होते त्यांची वजनं प्रवासाला निघतानाच ठरून गेलेली असतात, बदलता येतो तो वेगच.

आणि जाता जाता वेळेची गोष्ट. घाटातल्या 10 किलोमीटरला 60 ने दहा मिनिटं लागतात, 40 ने पंधरा. पाच मिनिटांच्या या बचतीसाठी ब्रेक लागल्यानंतर थांबण्याचं अंतर सव्वादोनपट होतं. पावसाळ्यात तर रस्ताच बदलतो. ओल्या डांबरावर पकड साधारण निम्म्यावर आली असं धरलं, तर 80 च्या वेगाला कोरड्या रस्त्यावरचं थांबण्याचं अंतर राखायला काटा 40 पर्यंत खाली आणायची गरज नाही; 56 पुरतो. वर्गाचा नियम इथे चालकाच्या बाजूने काम करतो: पकड निम्मी झाली तरी वेग निम्मा करावा लागत नाही, तीन दशांशाने कमी केला की भागतं. ट्रकला हा हिशेब तसाच लागू आहे, फक्त त्याचे टायर झिजलेले नसावेत आणि घाटमाथ्यावरच खालचा गिअर लागलेला असावा, कारण अर्ध्या उतारावर वेग वाढल्यानंतर तो गिअर लागत नाही.